मिशी, वाफा आणि खोकला

२ मार्च

नव्या वहीची सुरुवातच फसवणुकीने झाली. दुकानदाराला मी स्पष्ट सांगितलं होतं, रेघांची दैनंदिनी द्या. त्याने "हो हो, रेघांचीच" म्हणत कोरी बांधून दिली. घरी येऊन उघडली तर पानभर नुसता पिवळट कागद. हिला दाखवली. हिने पान जरा तिरकं केलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बारीक आहेत हो रेघा." बायको असून दुकानदाराची बाजू घेते, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

शिस्त म्हणून पहिल्या पानावर सगळ्यांची ओळख लिहितो. मी कापड गिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेला माणूस. माझं काम रंग जुळवण्याचं. नमुन्याचा तुकडा आणि नुकतं रंगवलेलं कापड खिडकीपाशी शेजारी शेजारी धरायचं आणि सांगायचं, पास की नापास. पुढे यंत्रं आली, तरी अडलं की साहेब म्हणायचे, "त्यांच्या डोळ्यांना विचारा." माझ्या एका शब्दावर गठ्ठेच्या गठ्ठे माल परत गेला आहे. रंगाच्या बाबतीत मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

ही माझी बायको. मुलगी दुसऱ्या गावी असते आणि फोनवरून आमच्यावर राज्य करते. भिंतीपलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात. मी बागेत उतरलो की ते पलीकडे खोकायला लागतात, म्हणून मी त्यांना खोकला म्हणतो. अर्थात मनातल्या मनात. त्यांची बाग माझ्या बागेपेक्षा चांगली आहे असं त्यांना वाटतं.

गेल्या महिन्यात मी भिंतीलगतच्या वाफ्यात कॉसमॉस पेरला. पांढरा आणि गुलाबी. रोपं वर आली आहेत. खोकला काल भिंतीवरून वाकून बघत होता. "छान उगवलंय," म्हणाला. त्याने छान म्हटलं की मला काळजी वाटते.

५ मार्च

बाथरूमचा दिवा कोणीतरी बदलला आहे. आरशात तोंड दिसेना. वाफ साचल्यासारखं वाटलं, म्हणून आरसा पुसला, पुन्हा पुसला, शेवटी राख लावून घासला. काही फरक नाही. हिला हाक मारली, "तू कमी उजेडाचा दिवा लावलास का?" म्हणाली, "नाही हो, परवाच मोठा लावलाय." मोठा! डोळ्यात धूळ फेकायची तर निदान खपेल एवढीच फेकावी.

दाढी तशीच अंदाजाने उरकली. एवढ्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतो, आरसा हवाच कशाला? बाहेर आलो तर ही टॉवेल घेऊन दारातच उभी. "थांबा, साबण राहिलाय. डोळे मिटा." हल्ली रोज हेच. आणि टॉवेल इतका खरखरीत झालाय की गालावरून फिरवला की सालटं निघतील असं वाटतं. धुण्याची पावडर बदलली असणार. विचारलं तर ही नाही म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

११ मार्च

सकाळभर वाफ्यात खुरपणी केली. कॉसमॉसची पानं नाजूक, झालरीसारखी. तण त्याच्याच बाजूला, तसंच कातरलेलं, अंगाने जरा किरटं. नवख्या माणसाची इथे फसगत व्हायची. मी गुडघे टेकून एकेक रोप बोटांनी चाचपत तण उपटलं आणि टोपलीत टाकलं. धट्टीकट्टी रोपं तेवढी ठेवली. खोकला भिंतीवर हनुवटी टेकवून बघत होता. म्हणाला, "अहो, ते..." आणि मग खोकायला लागला. 

दुपारी मुलीचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर अगदी सहज म्हणून विचारते, "बाबा, डोळे दाखवलेत का हो इतक्यात?" मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांची चौकशी करायला तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "कोणी नाही." स्वयंपाकघरात त्याच क्षणी भांडं वाजायचं बंद झालं. पाणी कुठेतरी मुरतंय.

मागे एकदा हिने जेवताना हाच विषय काढला होता. मी ताट सरकवून उठलो होतो. तेव्हापासून या घरात तो विषय नाही, असं मी समजत होतो.

१४ मार्च

झोप लागली नाही म्हणून सकाळी लवकर उठून लिहितो आहे. एकदाच लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल.

माझे वडील म्हातारपणी आंधळे झाले. एका दिवसात नव्हे, हळूहळू. आधी म्हणायचे, कंदिलाची काच साफ करत नाही तुम्ही लोक. मग म्हणायचे, वर्तमानपत्राची शाई पातळ झालीय. मग खिडकीपाशी एक खुर्ची ठेवली आणि ते तिच्यात बसले, ते कायमचेच. आई रोज त्यांची दाढी करायची. ते मान वर करून बसायचे, आणि झाल्यावर दोन्ही हात गालांवरून फिरवून म्हणायचे, "राहिलं काही?" आई म्हणायची, "काही नाही." बहुतेक वेळा राहिलेलं असायचं. आईची नजर तरी कुठे धड होती! मी तेव्हा गिरणीत नुकता लागलो होतो. कामावर निघताना त्या खुर्चीकडे बघायचं टाळायचो.

मला त्यातलं काही नाही. माझ्या तक्रारी दिव्याबद्दल आहेत आणि आरशाबद्दल. त्या वस्तू खरोखरच खराब आहेत. पण आज ही भीती लिहून ठेवली, एवढं खरं. मला ती खुर्ची नको आहे.

१९ मार्च

गुन्हा घडला आहे.

परवा मी वाफा निर्मळ केला होता. आज पाणी घालायला गेलो, तर उपटलेलं तण जागच्या जागी पुन्हा उभं! मी बोट घालून पाहिलं. मुळाशी माती ओली आणि हाताने दाबलेली. तण स्वतःहून उगवलं तर माती दाबून बसत नाही. कोणीतरी येऊन लावलं आहे.

आता माझ्या वाफ्यात मुद्दाम तण लावून कोणाचा फायदा? उत्तर भिंतीपलीकडे खोकत होतं. मी मोठ्याने म्हटलं, "काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही." पलीकडचा खोकला थांबला. मग म्हणाला, "आज उकाडा फार आहे, नाही?" कसलेला माणूस आहे. मी सगळं पुन्हा उपटलं.

२२ मार्च

आजचा दिवस फार चांगला गेला. मिशी रंगवली.

बाजारातली पाकिटं मी आजवर वापरत होतो, पण त्यांचा काळा हल्ली काळा नसतोच. तांबूस मारतो. कंपनी भेसळ करते आणि लोक मुकाट लावतात. माझ्याकडे गिरणीतून आणलेल्या नमुन्याच्या रंगपुड्या आहेत. काळ्यातला तांबूसपणा मारायचा तर त्यात निळा घालावा लागतो, हे रंगखात्यातला शेंबडा उमेदवारही सांगेल. चिमटीचिमटीने घालत गेलो. कालवायचं, कागदावर ओढायचं, खिडकीपाशी धरायचं. तरी तांबूसच. आणखी घातला. शेवटी असा काही गर्द काळा उतरला की मला आमचे साहेब आठवले. पास!

लावून, धुऊन बाहेर आलो. ही चहा घेऊन येत होती. माझ्याकडे पाहिलं, कप जागच्या जागी खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आतून घुसमटल्यासारखा आवाज आला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "ठसका लागला." बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. मी म्हटलं, "कशी वाटते?" म्हणाली, "तुम्हाला आवडली ना?" मला या उत्तराचा अर्थ लागला नाही.

संध्याकाळी फिरायला गेलो. सगळ्या रस्त्याने लोक माझ्याकडे वळून वळून बघत होते. दुकानदार तर काउंटर सोडून बाहेर आला.

२४ मार्च

हात आणि मान खाजते आहे. लाल चट्टे उठलेत. दाढीचा साबण बदलला असणार. हिला विचारलं, म्हणाली, "साबण तोच आहे. बागेतल्या त्या झाडांना हात लावू नका ना." कॉसमॉसने कोणाला खाज सुटल्याचं मी ऐकलेलं नाही. बागेत मी जाऊ नये अशी हिची इच्छा का, हा प्रश्न आहे.

२७ मार्च

जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी मी आंघोळीला गेलो असं हिला वाटत होतं. मी मात्र साबण शोधत मागच्या दारापाशी आलो. भिंतीपाशी ही उभी. पलीकडे खोकला. आवाज अगदी खालच्या पट्टीत. हिने त्याच्या हातात ओल्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, जपून. मग म्हणाला, "त्यांना संशय नाही ना आला?" ही म्हणाली, "त्यांना सगळ्याचाच संशय येतो. एवढं सोडून."

मी तसाच मागे सरकलो. आंघोळ झाली, पण अंगावर पाणी ओतलं की नाही आठवत नाही.

या वयात? मी हिशोब मांडून पाहिला. हल्ली ही माझ्याआधी उठते. विचारलं की म्हणते, झोप कमी झालीय. नखांत माती असते. भिंतीपलीकडे त्याचा खोकला, अलीकडे हिचा ठसका. आणि मला रोज दारातच गाठून "डोळे मिटा" म्हणते. मी मिटतो! ज्याच्या डोळ्यांवर गिरणी चालली तो माणूस रोज सकाळी बायको सांगते म्हणून डोळे मिटतो.

जेवताना हिच्या चेहऱ्यावर काही सापडतं का पाहत होतो. उजेड कमी होता, नीट दिसलं नाही.

३० मार्च

पहाटे सापळा लावला. मागच्या ओसरीवर स्टूल टाकून, हातात पाण्याची नळी धरून बसलो. वाफ्याभोवती दोरी बांधून तिला रिकामे डबे टांगले होते. झुंजूमुंजू झालं आणि तो दिसला. वाफ्याच्या अलीकडे, पांढरा सदरा, दोन्ही हात पसरलेले. उभाच. मी दरडावलं, "कोण आहे?" उत्तर नाही. "खोकून दाखव!" तरी नाही. इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नाही. सोडलं पाणी. पार भिजवला. तो जागचा हलला नाही, नुसता थोडा डुलला.

मग मी धावत गेलो, डब्यांच्या दोरीत पाय अडकून पडलो, आणि उठून पाहतो तर गडी पसार! सदरा मात्र आमच्याच कपड्यांच्या दोरीवर टाकून गेला होता. आणखी आश्चर्य म्हणजे सदरा हुबेहूब माझ्या सदऱ्यासारखा. कॉलरला उसवलेल्या जागी घातलेला टाकाही तोच.

ही धावत बाहेर आली. मला उठवलं, गुडघ्याला औषध लावलं. चिमटे काढून सदरा पिळत म्हणाली, "काल धुतला होता, आज पुन्हा धुऊन निघाला." मी म्हटलं, "तो तुझ्या ओळखीचा होता का?" ही माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या शेजारी ओसरीवर टेकली. माझा हात हातात धरून बसली होती. मी तो काढून घेतला.

३ एप्रिल

नवीन नाटक. ही म्हणते, तिचे डोळे बिघडलेत. "सुईत दोरा जात नाही हो माझ्याच्याने. डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे जायचंय, सोबत या." काल हिनेच औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं हात लांब धरून घडाघडा वाचली होती. मी लगेच हो म्हटलं. जायचं, आणि सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. खोकल्याला हिने भिंतीवरून कळवलेलं दिसतंय, कारण तो संध्याकाळी म्हणाला, "जाऊन या, जाऊन या. बरं होईल."

६ एप्रिल

हे सगळं क्रमाने लिहितो.

डॉक्टरीण तरुण आहे, आमच्या मुलीपेक्षाही लहान. माझ्या मिशीकडे तिने एकदा पाहिलं, मग टेबलावरच्या कागदांत डोकं खुपसलं. हिला खुर्चीत बसवलं. समोरच्या पाटीवर अक्षरं. हिने वरून खालपर्यंत, अगदी शेवटच्या ओळीतलं शेवटचं अक्षरसुद्धा न अडखळता वाचलं. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तुमचे डोळे उत्तम आहेत."

मी टाळीच वाजवली. "बघा! मला माहीत होतं. या बाईला काहीही झालेलं नाही!"

ही शांतपणे उठली. म्हणाली, "शेवटची ओळ मी अंदाजाने ठोकली. यांची नजर गिरणीत नावाजलेली. अहो, तुम्ही बसा आणि मी कुठे चुकले ते सांगा."

मी ऐटीत बसलो. डॉक्टरणीने एका डोळ्यापुढे काळी पट्टी धरली. मी पाटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "पाटी बदललीत तुम्ही."

"नाही आजोबा, तीच आहे."

"मघाशी इथे अक्षरं होती."

 मी दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. वरचं एक मोठं अक्षर होतं, धुक्यात उभ्या माणसासारखं. बाकी नुसता पिवळट चौकोन. माझ्या वहीच्या पानासारखा. मी हिच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं ही जिंकल्यासारखी हसत असेल. चेहरा दिसला नाही, पण हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग विजेरी, थेंब, यंत्रात हनुवटी टेकवणं. डॉक्टरीण म्हणाली, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. चांगला पिकलाय. इतके दिवस तुम्ही कसं काय निभावलंत?"

मी म्हटलं, "स्पष्ट सांगा. खुर्ची का?"

तिला कळलं नाही. मग मी वडिलांचं सांगितलं. आजवर हिच्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, त्या पोरीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांतली बाहुली कशी दिसायची? काळीच होती?"

"नाही. पांढरी. दुधासारखी."

तिने पेन खाली ठेवलं. "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीने बोलता येत नाही. पण बहुधा त्यांनाही हेच असावं."

"मग त्यांना दिसलं असतं?"

"तेव्हाही शस्त्रक्रिया व्हायच्या, आजोबा."

तेव्हाही एक डॉक्टर घरी आले होते, मला आठवतं. दवाखान्यात या म्हणाले होते. वडिलांनी त्यांना हाकलून दिलं. म्हणाले, यांचा काहीतरी डाव आहे, हे लोक चांगला डोळा काढून घेतात. आम्हीही मान डोलावली होती.

रिक्षात मी हिचा हात धरून बसलो. 

७ एप्रिल

आज काहीच केलं नाही. वडील त्या खिडकीपाशी बसायचे ती खिडकी बागेकडे उघडायची, एवढंच दिवसभर आठवत राहिलं. मी फार रडलो. ही शेजारच्या खोलीत होती, तिला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

२० एप्रिल

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काल पट्टी काढली. दुसऱ्याची पुढच्या महिन्यात.

आता जे दिसलं ते लिहितो. सगळ्यात आधी, या वहीला रेघा आहेत. निळ्या, ठसठशीत. मी आजवर त्यांच्या आडवातिडवा लिहीत आलो आहे. मागची पानं बघून माझी मलाच लाज वाटली. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

घरी आल्याबरोबर बाथरूममध्ये गेलो, दिवा लावला आणि किंचाळलो. डोळे दिपले! लग्नाच्या मांडवात लावतात तसला दिवा हिने तिथे लावून ठेवलाय. माझी प्रत्येक तक्रार ऐकून ही आणखी मोठा दिवा आणत गेली होती.

मग आरसा. लख्ख. आणि त्यात एक म्हातारा, ज्याची मिशी जांभळी.

जांभळी! निळसर सुद्धा नव्हे. पिकलेल्या जांभळाची. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांचा माल नापास केला तो माणूस एवढे दिवस नाकाखाली हे लावून गावभर छाती काढून फिरला. मी बाहेर येऊन ओरडलो, "तू मला सांगितलं का नाहीस?"

ही म्हणाली, "काय सांगणार होते? मिशीचं सांगितलं असतं तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. आणि डोळ्यांचं सांगितलं तेव्हा तुम्ही ताट सरकवून उठलात. त्या दिवशी तुमचा चेहरा बघितला होता मी. परत बघायची हिंमत नव्हती."

मी हिच्याकडे पाहत होतो. हिचे केस पूर्ण पांढरे झालेत. मला वाटत होतं, करडे आहेत, पिवळसर करडे. ते पांढरेशुभ्र आहेत आणि फार सुंदर दिसतात. हे कधी झालं ते मला माहीत नाही. डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत, त्याही मी पहिल्यांदाच पाहिल्या. हिला तसं म्हटलं. म्हणाली, "आता बारीक बारीक बघत बसू नका." पण लाजली.

मिशी काढून टाकली. नव्याने वाढेल तशी वाढू दे.

२३ एप्रिल

टॉवेलचं रहस्य सुटलं. कपाटात टॉवेल हातात घेतला तर अगदी मऊ. आणि घडीत एक छोटा रेझर. रोज मी अर्धवट दाढी करून ऐटीत बाहेर यायचो, आणि ही "साबण राहिलाय" म्हणत टॉवेलच्या आडून राहिलेले खुंट काढायची. रेझर होता तिथेच ठेवला. 

मग बागेत गेलो. वाफ्यात कंबरेएवढं गाजरगवत माजलंय. माझं धट्टंकट्टं, लाडकं, रोज पाणी पाजलेलं गाजरगवत. अंगावरचे चट्टे त्याचेच. कॉसमॉसचं एक रोप नाही. ते सगळं मी "तण" म्हणून उपटलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. ही रोज पहाटे ते परत लावायची आणि मी रोज उपटायचो. मी वाफ्याच्या काठावर बसून राहिलो.

भिंतीपलीकडे खोकला खोकला. मी उठून पलीकडे पाहिलं. त्याच्या भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कॉसमॉस. पांढरा, गुलाबी, कळ्यांनी लगडलेला.

"वहिनी रोज आणून द्यायच्या," तो म्हणाला. "तुम्ही टाकलेली रोपं. ओल्या कागदात गुंडाळून. काही तुमच्याकडे परत लावायच्या, उरलेली मी इकडे जगवत होतो. म्हटलं, तुम्हाला दिसायला लागलं की बघाल. तुमचीच आहेत."

मी भिंतीवर हात टेकले. म्हटलं, "तुमचा खोकला कसा आहे?"

"खोकला? मला खोकला नाही." तो ओशाळून हसला. "तुम्ही तण समजून रोप उपटायला लागलात की राहवायचं नाही हो. बोलायचं तर नव्हतं. मग खोकायचो."

१२ मे

दुसराही डोळा झाला. गाजरगवत मी हातमोजे घालून मुळासकट काढलं. भिंतीपलीकडून रोपं परत घ्यायला मी नकार दिला. तिथेच छान दिसतात. शिवाय इकडून वाकून बघायला निमित्त मिळतं. काल मी भिंतीवर हनुवटी टेकवून म्हटलं, "छान फुललंय." त्यांना काळजी वाटली असावी, कारण ते लगेच पाणी घालायला धावले.

मिशी परत आली आहे. पांढरी. खिडकीपाशी जाऊन आरशात पाहिली. पास.

१५ मे

हल्ली दाढी करून बाहेर येतो तेव्हा दारात कोणी नसतं. आता साबण राहत नाही, खुंट राहत नाहीत, मग ही कशाला येईल? स्वयंपाकघरात असते. दोन-तीन दिवस मी दारात उगाच रेंगाळून पाहिलं. शेवटी तसाच चहाला जाऊन बसलो.

आज उजव्या कानाखाली थोडीशी दाढी सोडून दिली. नीट बघून, मोजून, आरशासमोर उभं राहून सोडली. मग बाहेर येऊन खोकलो.

ही आली. माझ्याकडे पाहिलं, टॉवेल आणला. मी आपणहून डोळे मिटले. बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे किलकिले करून पाहिलं, तर ही कमरेवर हात ठेवून माझ्या कानाखाली निरखून बघत होती.

"हे मुद्दाम ठेवलंय ना हो?"

मी म्हटलं, "छे! दिवा कमी पडतो."

हिने टॉवेल लावला आणि फार सावकाश, फार जपून तेवढं साफ केलं. पण चेहऱ्यावर काय आहे ते मला आता स्पष्ट दिसतं. हल्ली हिला फार संशय येतो.